तेरा नंबरचे दोन ठराव

कॅलिफोर्नियात ‘प्रॉप थर्टीन’ म्हटलं की सगळ्यांना एकच आठवतं, १९७८ चा घरपट्टीचा ठराव. घरवाल्यांचा चेहरा खुलतो, शाळामास्तरांचा पडतो. पण त्याच्या बावीस वर्षं आधी, नोव्हेंबर १९५६ मध्येही प्रपोझिशन १३ मतदानाला आलं होतं. तेव्हा प्रत्येक निवडणुकीत ठरावांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, म्हणून हा योगायोग. तो जुना तेरा नंबर आज कुणाच्या लक्षात नाही. मला तो इम्पिरियल व्हॅलीतल्या, नव्वदी गाठलेल्या एका बाईंनी सांगितला. नवा तेरा नंबर मी काकांकडून ऐकला, आणि काकूंकडून अगदी उलटा ऐकला. जमीन कोणी घ्यायची हा एकाचा विषय, घेतलेल्याने सरकारला किती भरायचं हा दुसऱ्याचा.

काका आमच्या अंत्रुजातले, फोंड्याजवळचे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा ते पंचविशीत होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. काकांचं मत फुलाला. फूल ३४,०२१ मतांनी पडलं. हा आकडा ते विचारायच्या आत सांगतात. त्यानंतर दोन वर्षांनी शिकायला म्हणून अमेरिकेत आले, सनीव्हेलला नोकरीला लागले, नागरिक झाले, आणि बघतात तर काय, इथे दर दोन वर्षांनी जनमत कौल. तोही एक नव्हे, दहा-बारा. “अगो, तिकडे एकदा विचारायचं तर मुख्यमंत्री भाऊसाहेबांना राजीनामा देऊन बाजूला व्हावं लागलं,” ते म्हणतात. “इकडे खुर्चीवरून कोणी हलत नाही, आणि विचारतात मात्र सारखं.”

ही पद्धत आली ती रेल्वेवरच्या रागातून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सदर्न पॅसिफिक रेल्वेने कॅलिफोर्निया खिशात घातला होता. आमदार तिचे, वर्तमानपत्रं तिची, मालवाहतुकीचे दर तिच्या मर्जीचे. १९१० मध्ये हायरम जॉन्सन गव्हर्नरपदाला उभा राहिला तो रेल्वेला राजकारणातून हाकलण्याच्या एकाच घोषणेवर. निवडून आल्यावर त्याने १० ऑक्टोबर १९११ ला विशेष निवडणूक घेतली आणि लोकांच्या हातात तीन हत्यारं आली. सह्या गोळा करून लोकांनी स्वतःच कायदा मांडायचा. विधिमंडळाने केलेला कायदा आवडला नाही तर तसाच सह्यांनी अडवून मताला टाकायचा. आणि निवडून दिलेला माणूस नालायक ठरला तर मुदतीआधी घरी पाठवायचा. त्याच दिवशी बायकांनाही मताचा हक्क मिळाला, राज्यभरात अवघ्या ३,५८७ मतांच्या फरकाने. सह्यांचा हिशोब असा: मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या जमल्या तर साधा कायदा, ८ टक्के जमल्या तर थेट राज्यघटनेत दुरुस्ती. आजच्या भाषेत पाच-सहा लाख सह्या जमवा आणि कायदा मांडा.

निवडणूक जवळ आली की राज्य सरकारची मार्गदर्शिका टपालाने घरी येते. २०१६ मध्ये १७ ठराव होते, पुस्तक २२४ पानांचं. काका ते लाल पेन घेऊन वाचतात. ठरावाचा सारांश, खर्चाचा अंदाज, मग बाजूने युक्तिवाद, त्याला उत्तर, विरोधातला युक्तिवाद, त्याला उत्तर. काका युक्तिवाद वाचत नाहीत, आधी खालच्या सह्या वाचतात. कुठली अग्निशामक दलाची संघटना, कुठला डॉक्टर, कुठला निवृत्त न्यायाधीश. “गोष्ट कोण सांगतोय ते बघायचं, मग गोष्ट,” हा त्यांचा खाक्या. हे पुस्तक हिंदीतही मिळतं. काकांनी एकदा हौसेने मागवलं आणि पानभर वाचून इंग्रजीच बरं म्हणून परत लाल पेन उचललं.

जॉन्सनबद्दल काका आदराने बोलत. मीही त्याला थोर समजत होते, इम्पिरियल व्हॅलीतल्या त्या बाईंची गाठ पडेपर्यंत. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीची ती आजी. वडील पंजाबी, जालंधरकडचे. आई मेक्सिकन. घर एल सेंट्रोच्या बाहेर, उन्हाळ्यात जिथे पायाखालचं डांबर वितळतं अशा मुलखात. कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने आणलं म्हणून तिथे शेती. नाहीतर निव्वळ वाळवंट. पहिल्या भेटीत आजींनी टॉर्टियासारखी रोटी आणि हालपेन्योची भाजी वाढली, आणि जेवण झाल्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा समोर ठेवला.

डब्यात कोर्टाचे कागद. चाळीस एकर जमीन, मालकाच्या जागी त्यांचं नाव, वय वर्षं पाच. वडील नुसते पालक. पालकाने दर वर्षी कोर्टाला हिशोब द्यायचा, तो हिशोबही डब्यात होता: कापसाचे इतके आले, बियाणं इतक्याचं, खेचराला नाल, मालकीणबाईंचे बूट. खाली वडिलांची गुरुमुखीतली सही. “बापाने कसायचं आणि पाच वर्षांच्या पोरीला जमाखर्च दाखवायचा,” आजी म्हणाल्या. “मी रागावले की म्हणायचे, मालकीण रुसली, आता मजुराचं काय खरं नाही.”

असं का, तर ज्या जॉन्सनने रेल्वेचा कणा मोडला त्यानेच १९१३ मध्ये परक्यांच्या जमिनीच्या कायद्यावर सही केली होती. नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परक्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, भाडेकराराने घेतली तर तीन वर्षांच्या वर ठेवता येणार नाही. कायद्यात कुठेही जपानी हा शब्द नव्हता, पण रोख त्यांच्यावर होता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जपान्यांनी पळवाटा काढल्या. मग १९२० मध्ये त्या बुजवायला सह्या गोळा झाल्या आणि प्रपोझिशन १ मताला आलं. रेल्वेविरुद्ध घडवलेलं हत्यार भाजी पिकवणाऱ्यांवर चालवलं गेलं. साडेसहा लाखांहून अधिक लोकांनी हो म्हटलं, नाही म्हणणारे सव्वादोन लाखही नव्हते. आता करारानेही जमीन नाही, कंपनीच्या नावाने नाही, आणि आपल्याच मुलांच्या जमिनीचं पालकत्वही नाही. यातली शेवटची अट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये रद्द केली. आजींच्या डब्यातले कागद त्या एका फटीतून आत आले होते.

पंजाब्यांना सुरुवातीला वाटत होतं, हे आपलं भांडण नव्हे. काही हिंदी लोकांना तोवर नागरिकत्व मिळालंही होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदी माणूस बसत नाही, सबब तो नागरिकत्वाला अपात्र. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. झालं. कायद्याचा एक शब्द न बदलता तो पंजाब्यांनाही लागू झाला. मिळालेलं नागरिकत्वही काहींचं काढून घेतलं.

आजींचे वडील इंग्रजांविरुद्धच्या गदर पार्टीला वर्गणी देत. मी मराठी म्हटल्यावर आजींना काहीच बोध झाला नाही, म्हणून मी त्यांना सांगितलं की अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गदरवाल्यांमध्ये आमचीही माणसं होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे. पिंगळे परत गेले आणि १९१५ मध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. खानखोज्यांनी पुढे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम केलं, दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवलं. मेक्सिकोचं ऐकून आजी खुलल्या. आईकडचं माणूस निघालं.

तीस वर्षं जमिनीच्या कायद्याचं हे असंच चाललं. मग वारं फिरू लागलं. १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग उघडणारा लूस-सेलर कायदा झाला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात जमिनीचा कायदा आणखी आवळणारा ठराव लोकांनी पाडला. १९५२ मध्ये राज्याच्या न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. म्हणजे प्राण गेला, पण पुस्तकात तो होताच, कारण लोकांनी केलेला कायदा लोकांनीच मोडावा लागतो. त्यासाठी ६ नोव्हेंबर १९५६ च्या मतपत्रिकेवर प्रपोझिशन १३ आलं.

त्याच मतपत्रिकेवर आणखी एक नाव होतं. दलीपसिंग साउंड. अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवडीचे, बर्कलीहून गणितात पीएच.डी. घेतलेले, आणि नोकरी कोणी देईना म्हणून इम्पिरियल व्हॅलीत लेट्यूस पिकवणारे. १९४९ मध्ये नागरिक झाले. १९५० मध्ये वेस्टमोरलँडला न्यायाधीश म्हणून निवडून आले, तर नागरिक होऊन वर्ष झालं नाही म्हणून जागा नाकारली. १९५२ मध्ये पुन्हा उभे राहून ती घेतली. १९५६ मध्ये काँग्रेससाठी उभे राहिले तेव्हा समोर जॅकलिन कॉक्रन ओडलम, जगप्रसिद्ध वैमानिक, हाताशी पैसा आणि स्वतःचं विमान. साउंड कुटुंब दारोदार हिंडत होतं. साउंड जिंकले. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेलेले ते पहिले आशियाई.

त्या दिवशी आजी वडिलांना घेऊन मतदानाला गेल्या होत्या. म्हाताऱ्याने नवी पगडी बांधली होती. आत जाऊन त्याने साउंडच्या नावापुढे फुली मारली, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. बाहेर आल्यावर आजींनी विचारलं, तेरा नंबरला काय दिलंत? त्याने विचारलं, कसला तेरा नंबर? ज्या कायद्यापायी त्याने आयुष्यभर लेकीच्या नावावर नांगर धरला, तो कायदा पुसायचा प्रश्न त्याच कागदावर थोडा खाली होता, आणि तो तिथवर पोचलाच नव्हता. आजींनी समजावून सांगितल्यावर म्हणाला, “जमीन तुझ्या नावावर आहे. तू दिलंस ना मत? मग मालकाने मत दिलं.” ठराव मंजूर झाला. त्याची बातमी कुणी फारशी वाचली नाही, सगळे साउंडच्या बातम्या वाचत होते.

काका कॅलिफोर्नियात आले तेव्हा हा इतिहास त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण भाड्याचं घर शोधताना थोडासा चाखायला मिळाला. फोनवर रिकामी असलेली खोली दारात पोचेपर्यंत भरलेली असायची. त्याच्या पाचच वर्षं आधी, १९६४ मध्ये, घर विकताना-भाड्याने देताना वर्ण पाहू नका असा विधिमंडळाचा कायदा लोकांनी प्रपोझिशन १४ ने मोडीत काढला होता. ६५ टक्के मतांनी, आणि तेही लिंडन जॉन्सनला त्याच दिवशी भरभरून मतं देऊन. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला, पण घरमालकांना निकालाची प्रत कोण वाचून दाखवणार?

१९७२ मध्ये काकांनी घर घेतलं. तीन खोल्यांचं, मागे जर्दाळूचं एक झाड, जुन्या बागेतलं उरलेलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत घरांच्या किमती भडकल्या आणि किमतीबरोबर पट्टी. असेसरचं पत्र आलं की काका ते आठवडाभर उघडत नसत. शेजारचा निवृत्त म्हातारा, ज्याच्या बागा तोडून ही वस्ती उठली, तो पट्टी भरता येत नाही म्हणून घर विकायच्या गोष्टी बोलू लागला. सॅक्रामेंटोत राज्याच्या तिजोरीत त्या वेळी अब्जावधी डॉलर शिल्लक पडून होते, आणि विधिमंडळ चर्चा करत बसलं होतं. अशात हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी सह्या गोळा केल्या. पट्टी घराच्या किमतीच्या १ टक्का, बस्स. किंमत १९७५ ची धरायची, दर वर्षी फार तर २ टक्के वाढवायची, घर विकलं तरच नवी किंमत. आणि यापुढे राज्याला कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश.

“फुलानंतर मी पहिल्यांदा जिंकलो,” ६ जून १९७८ बद्दल काका म्हणतात. जवळजवळ दोनतृतीयांश मतांनी ठराव पास झाला, राज्यभरातलं पट्टीचं उत्पन्न निम्म्याहून अधिक घटलं. काकू त्या वेळी एका शाळेत तासावर काम करायच्या, उन्हाळी वर्गात मुलांना वाचायला शिकवायच्या. त्यांनी विरोधात मत दिलं होतं. महिनाभरात उन्हाळी वर्ग बंद झाले, सगळ्या राज्यात होत होते तसे. काकूंचं काम गेलं, वाचनालय आठवड्यातले दोन दिवस बंद राहू लागलं. कोल्हापूरच्या काकू अजूनही हे सांगताना आवाज चढवतात: “पट्टीत चारशे वाचले म्हणून पेढे वाटले ह्यांनी, आणि माझा पगार किती गेला ते विचारलं का कुणी? शेजारी आले की मी पेढ्याचं ताट आत न्यायचे.” काका यावर पेपर वाचतात.

दोघांचंही खरं आहे असं म्हणून मी बरीच वर्षं वेळ मारून नेली. मग २००४ मध्ये मी दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. तोच बिल्डर, तोच नकाशा, तेच छप्पर. डिसेंबरात पट्टीची बिलं आली तेव्हा काकांचं आणि माझं बिल मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. माझं आठपट. रस्ता एक, अग्निशामक बंब एक, शाळा एक. काकांनी दोन्ही बिलं चष्मा लावून तपासली आणि म्हणाले, “तू उशिरा आलीस.” काकू म्हणाल्या, “हेच. हेच मी ७८ साली म्हणत होते.”

याविरुद्ध कोणी भांडलं नाही असं नाही. लॉस एंजेलिसच्या स्टेफनी नॉर्डलिंगर नावाच्या बाई हेच गाऱ्हाणं घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९२ मध्ये आठ विरुद्ध एक मताने हरल्या. जुन्या मालकाला जपण्यात राज्याचं वाजवी कारण असू शकतं, असं न्यायालयाने धरलं. माझं मत त्या एकट्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या बाजूने. आणि यात म्हाताऱ्यांची घरंच वाचली असंही नाही, मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारतींनाही तोच नियम. तो बदलायचा ठराव २०२० मध्ये प्रपोझिशन १५ म्हणून आला आणि थोडक्यात पडला.

मला कॅलिफोर्नियातली पहिली निवडणूक आठवते ती १९९४ ची. मला मत नव्हतं. प्रपोझिशन १८७: बेकायदा आलेल्यांना सरकारी शाळा नाही, साधा दवाखाना नाही. आमच्या मंडळींत सगळे म्हणत होते की हे काही आपल्याबद्दल नाही, आपण रांगेने आलो. काकांनीही त्याला हो म्हटलं. ठराव ५९ टक्क्यांनी पास झाला आणि न्यायालयात अडकून मेला. बऱ्याच वर्षांनी हे मी एल सेंट्रोच्या आजींना सांगितलं. त्या डब्यातले कागद परत लावत होत्या. “१९२० चा कायदासुद्धा जपान्यांबद्दल होता,” एवढंच म्हणाल्या. काकांना मी हे सांगितलं. ते गप्प राहिले, आणि काका गप्प राहणं ही आमच्या घरी मोठी बातमी असते.

हत्यार कोणाच्या हातात आहे ते आता विचारूच नये. २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधी घरी पाठवलं तेव्हा त्यांच्या जागेसाठी १३५ उमेदवार होते. तो तमाशा निदान करमणुकीचा तरी होता. २०२० मध्ये टॅक्सी आणि खाणं पोचवणाऱ्या ॲपच्या कंपन्यांनी ड्रायव्हरांना नोकर मानू नये म्हणून प्रपोझिशन २२ आणलं आणि त्यावर वीस कोटी डॉलरच्या वर ओतले. ठराव पास झाला, न्यायालयातही टिकला. रेल्वे कंपनीने आमदार विकत घेतले म्हणून जॉन्सनने कायदा लोकांच्या हातात दिला. शंभर वर्षांनी कंपन्या आमदारांना वगळून थेट लोकांकडे जाहिरात घेऊन येतात, एवढाच फरक पडला.

त्याच मतपत्रिकेवर प्रपोझिशन १९ होतं. आईबापांची जुनी, स्वस्त पट्टी मुलांना मिळायची ती यापुढे मूल त्या घरात राहायला आलं तरच, तीही मर्यादेपर्यंत. काकांचा मुलगा टेक्सासात आहे, परत येणार नाही. काकांनी विरोधात मत दिलं, काकूंनी बाजूने, मीही बाजूने. ५१ टक्क्यांनी पास झालं. १९७८ पासून जपलेलं ते बिल काका-काकूंबरोबर संपेल.

आपल्यातले अनेक जण नागरिक झाल्यावर हौसेने मतदान करतात, पण अध्यक्षाचं नाव रंगवून लिफाफा चिकटवतात. मतपत्रिका महिनाभर आधी घरी येते, परत पाठवायला टपालखर्च लागत नाही. मागची पानं कोरी सोडू नका. आणि वाण्याच्या दुकानाबाहेर कोणी सहीसाठी कागद पुढे केला, तर ह्या ठरावामागे पैसा कोणाचा आहे त्याची यादी आधी मागा. ती दाखवणं त्याला बंधनकारक आहे.